ताप, संताप आणि पश्चात्ताप

दिवाळी अंकात मराठीच्या मास्तराने काय लिहावे, याविषयी वाचकांच्या काही ठरलेल्या अपेक्षा असतात. एखाद्या म्हणीची जन्मकथा, आजोळच्या दिवाळीची एखादी आठवण, आणि फार तर पूर्वी आकाशकंदील घरोघरी कसे केले जात असत याबद्दल चार हळहळीचे शब्द. या सदरात मीही आजवर तेच करीत आलो. यंदा मात्र मी मोटारसायकलीच्या इंजिनाबद्दल लिहिणार आहे. ‘तुम्हांला त्यातले काय कळते?’ असा प्रश्न आपल्या ओठांवर आला असेल, तर मी रागावणार नाही. हा प्रश्न आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात तीन वेळा विचारला गेला, आणि तिन्ही वेळा मी चहाच्या कपात तोंड घालून बसलो.

ही मोटारसायकल माझ्या मामांची. एका सिलिंडरची, साडेतीनशे सी.सी.ची, बिडाच्या सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली, आणि किक मारताना मालकाच्या सात पिढ्यांची आठवण करून देणारी. मामांनी ती १९९१ साली घेतली आणि मुलासारखी वाढवली. पुढे त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा ती माझ्या हवाली करताना त्यांनी दोनच अटी घातल्या: “विकायची नाही, आणि तापवायची नाही.” पहिली अट मी कसोशीने पाळली.

खरे सांगायचे तर या गाडीने मला फार दिले. मराठीच्या प्राध्यापकाकडे कॉलेजातली मुले आदराने पाहतात असा काळ आता राहिलेला नाही. पण ही गाडी धडधडत फाटकातून आत आली, की वाणिज्य शाखेची मुलेसुद्धा बाजूला होऊन वाट देतात. त्या आदरातला गाडीचा वाटा किती आणि माझा किती, याचा हिशेब मी कधी केला नाही. असे हिशेब करू नयेत.

आम्ही राहतो सिंहगड रस्त्याला. ज्यांना पुणे ठाऊक आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी इतकेच, की सकाळच्या वेळी इथून दांडेकर पुलापर्यंत पोचायचे म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, पुढच्या टेम्पोच्या पाठीवरचा मजकूर पाठ करीत सरपटायचे. त्यात पावसाळ्यात चिखलाची भर. माझ्या विजारी धुऊन धुऊन कंटाळलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी दोन वर्षांपूर्वी जुन्या सोफ्याच्या रेक्झिनचा एक सुरेख पडदा शिवला आणि तो गाडीच्या लेगगार्डवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी इंजिनासमोरूनसुद्धा, नाड्यांनी घट्ट बांधून टाकला. विजारी वाचल्या. पडदा दसऱ्याला सोडायचा असे ठरले होते. परंतु ज्या घरात मुंजीचे तोरण लग्नापर्यंत दारावर राहते, त्या घरात दसऱ्याचा वायदा कोण पाळतो? दसरा गेला, संक्रांत गेली, पाडवाही गेला. पडदा होता तिथेच होता.

मार्चमध्ये चिरंजीव एके दिवशी म्हणाले, “बाबा, चढावर गाडी टकटक करते आहे. खूप तापते बहुतेक. एकदा दाखवू या का?”

चिरंजीव अठरा वर्षांचे. बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली, पुढची प्रवेश परीक्षा डोक्यावर. मी म्हणालो, “जुनी गाडी आहे, बोलायचीच. तू आपल्या पुस्तकात लक्ष घाल.” एप्रिलमध्ये तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा तेच उत्तर दिले; फक्त आवाज जरा चढवला.

मे महिन्यात त्याची परीक्षा आली. केंद्र हडपसरच्या पलीकडे, दुपारची वेळ, दीड वाजता फाटक बंद. सौ. म्हणाली, “रिक्षाने जा.” मी म्हणालो, “घरात गाडी असताना?” आम्ही साडेबाराला निघालो. खरे तर बाराला निघायचे होते. पण हेल्मेट कुठे ठेवले ते मला सापडत नव्हते. हे मुद्दाम नमूद करून ठेवतो, कारण पुढे मी काय बोललो ते आपल्याला कळणार आहे.

स्वारगेटपर्यंत ठीक होते. पूलगेट ओलांडले आणि फातिमानगरच्या अलीकडे वाहतूक जी थिजली ती हलेचना. वर ऊन, खाली डांबर, आजूबाजूला बसगाड्यांचा धूर. इंजिन बंद केले तर पुन्हा चालू होईल की नाही या भीतीने मी ते चालूच ठेवले, आणि बंद पडू नये म्हणून मधूनमधून मूठ पिळत राहिलो. पोटऱ्यांना विस्तवाजवळ बसल्यासारखी धग लागत होती. पुढची रांग जरा हलली, मी क्लच सोडला. गाडी चार हात गेली, तिची ताकद एकदम ओसरली, पोटातून एक चमत्कारिक आवाज आला आणि ती बंद पडली. किक मारायला गेलो तर किक खालीच जाईना. घड्याळात एक वाजून आठ मिनिटे झाली होती.

आम्ही गाडी ढकलत कडेला आणली. माझ्या हाताला चिरंजीवांची पाण्याची बाटली लागली. ती उघडून मी इंजिनावर उपडी करणार, इतक्यात तो ओरडला, “बाबा, पाणी नका टाकू! तडा जाईल.”

त्याचे म्हणणे बरोबर होते. पण त्या क्षणी बरोबर असणे हाच त्याचा अपराध ठरला. मी म्हणालो, “तू मला शिकवू नकोस. एवढी अक्कल अभ्यासात दाखवली असतीस तर इतक्या लांबचे केंद्र मिळाले म्हणून रडावे लागले नसते. परीक्षा बुडाली तर गाडीमुळे नाही, तुझ्या आळसामुळे बुडेल!” या वाक्यात अर्थ शोधू नका. केंद्र कुणाच्या अकलेवर मिळत नाही, आणि आळशी कोण होते ते वर आलेलेच आहे. पण मी ते बोललो, आणि भर रस्त्यात, चार रिक्षावाले ऐकत असताना बोललो.

तो काही बोलला नाही. हेल्मेट काढून त्याने आरशाला अडकवले, प्रवेशपत्राची पिशवी छातीशी धरली आणि थांबलेल्या गाड्यांच्या मधून पळत सुटला. मी पाहत राहिलो. पाण्याची बाटली माझ्याच हातात राहिली होती.

फाटक त्याला मिळाले, हे आधीच सांगून टाकतो. मैलभर पळाल्यावर एका अनोळखी बाईंनी त्याला स्कूटरवर घेतले, आणि फाटक लागायला तीन मिनिटे असताना तो आत शिरला. त्या बाईंचे नाव आम्हांला माहीत नाही. हा अंक त्यांच्या वाचनात आला, तर माझा नमस्कार त्यांच्यापर्यंत पोचावा.

मला मात्र हे संध्याकाळी कळले. दुपारी मी फुटपाथवर बसून होतो. अर्ध्या तासाने गाडी आपोआप सैल झाली आणि दुसऱ्या किकला सुरू झाली. तिचे निवले. माझे निवायला वेळ लागला.

पुढच्या रविवारी गाडी टेम्पोत घालून नाना पेठेत नेली. तिथे एक वृद्ध मेकॅनिक आहेत. त्यांना सारे चाचा म्हणतात. चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली, रेक्झिनच्या पडद्यापाशी थांबले आणि अत्यंत अदबीने विचारले, “सर, हिला हे स्वेटर कुणी घातलं?”

मी सौ.चे नाव सांगितले. बोलणारा मी आणि पडदा न काढणारा मी, पण नाव सौ.चे सांगितले. सोबत आलेल्या चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली.

त्या सकाळी चाचांनी मला जे शिकवले, आणि नंतर चिरंजीवांच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाशी मी जे ताडून पाहिले, ते आता सांगतो. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातला साधारण चौथा हिस्साच गाडी पळवण्याच्या कामी येतो. बाकीची बरीचशी सायलेन्सरवाटे निघून जाते आणि बरीचशी सिलिंडरच्या भिंतींत शिरते. स्फोटाच्या क्षणी आतल्या वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. आणि पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा असतो, ते सुमारे ६६० अंशांवर वितळते! म्हणजे हे यंत्र चालते कसे, याचे आश्चर्य वाटायला हवे. आपण मात्र ते बंद पडले की आश्चर्य करतो.

ते चालते याचे कारण असे, की स्फोट क्षणभराचा असतो आणि उष्णता बाहेर जाण्याची वाट सतत मोकळी असते. ती वाट म्हणजे सिलिंडरवर एकाखाली एक दिसणाऱ्या धातूच्या पट्ट्या. मेकॅनिक लोक त्यांना फिन्स म्हणतात. पट्ट्या काढल्या म्हणजे हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. गरम चहा बशीत ओतला की लवकर निवतो, तोच हा न्याय. मोटारीत ही उष्णता पाणी वाहून नेते आणि रेडिएटरजवळचा पंखा ते पाणी गार करतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत ना पाणी, ना पंखा. त्यांचा सारा भरवसा समोरून येणाऱ्या वाऱ्यावर. गाडी पळते आहे तोवर वारा आहे. गाडी थांबली की वारा थांबला, पण आतली भट्टी चालूच. म्हणून मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाने तासभर जाणारी गाडी निवांत असते, आणि चौकात वीस मिनिटे अडकलेली गाडी कासावीस होते.

“मग स्कूटर कशी तापत नाही?” मी विचारले. सौ.ची स्कूटर त्याच रस्त्याने जाते आणि तिला कधी काही होत नाही, हे शल्य माझ्या मनात होतेच. चाचा म्हणाले, “स्कूटरचं इंजिन झाकलेलं असतं ना सर, म्हणून तिला पंखा दिलेला असतो. इंजिन फिरलं की पंखा फिरला. गाडी उभी असो की पळत असो.” घरी आल्यावर ही माहिती मी सौ.ला दिली. “मला वाटतच होतं,” ती म्हणाली.

चाचांनी गाडी उघडली. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते. ॲल्युमिनियम हे बिडापेक्षा जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते. गाडी बेसुमार तापली की पिस्टन फुगतो, सिलिंडर त्या मानाने फुगत नाही, मधली तेलाची साय नाहीशी होते आणि पिस्टन भिंतीला आवळून बसतो. त्या दिवशी किक खाली जात नव्हती ती याचमुळे. मी तसाच हिसका मारत राहिलो असतो तर आणखी नुकसान झाले असते.

मग कारणांची यादी निघाली. पहिले, तो पडदा. दोन सिग्नलांच्या मधल्या पाचपन्नास हातांच्या धावेत जो काही वारा इंजिनाला मिळायचा, तोही आम्ही अडवून ठेवला होता. दुसरे, पट्ट्यांच्या फटींत गेल्या पावसाळ्याचा चिखल भाजून विटेसारखा बसला होता. तिसरे, तेल खुणेच्या बरेच खाली गेले होते. इंजिनातले तेल नुसते वंगण नसते, आतली उष्णता बाहेर आणणारा हमालही तेच. हमाल कमी झाले की ओझे साचते. चौथे, कार्ब्युरेटरच्या जोडापाशी चीर पडून जादा हवा आत शिरत होती. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे मिश्रण जळले की इंजिन अधिक तापते. चाचांनी प्लग काढून दाखवला. त्याचे टोक विटकरी-तपकिरी असावे ते पांढरे फटक पडले होते. काळे काजळीने भरलेले असते तर उलटा दोष, म्हणजे पेट्रोल जास्त. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले, तेव्हापासूनच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले आहे, आणि हे मिश्रण यंत्रच सांभाळते. जुन्या गाडीच्या मालकाने मात्र ते स्वतः सांभाळायचे असते.

“आणि पाचवं कारण?” मी विचारले, कारण चाचा बोट मिटून थांबले होते.

“पाचवं चालवणारा,” चाचा म्हणाले. “राग मानू नका.”

मी राग मानला नाही. राग मानण्याचा माझा वर्षाचा कोटा फातिमानगरपाशी संपला होता. चाचांनी सांगितले ते जसेच्या तसे लिहून घेतले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी हवेवर गार होणारी मोटारसायकल आहे, त्यांनीही लिहून घ्यावे. अर्धा-पाऊण मिनिटाहून जास्त थांबायचे दिसले तर इंजिन सरळ बंद करावे. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून ते गार होत नाही, उलट तापतच जाते. अर्धा क्लच दाबून सरपटू नये; क्लच घासून तापतो आणि इंजिन फुकट ओरडते. त्यापेक्षा पुढच्या गाडीशी जरा अंतर ठेवावे, आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून एका लयीत जावे. मोठ्या गिअरमध्ये गाडीला कण्हत ओढू नये, आणि उगाच मूठ पिळू नये. तेल कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचे घालावे, वेळेवर बदलावे, आणि पातळी गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या रीतीने दर पंधरवड्याला पाहावी. ज्या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल असते, त्यांत मोटारीचे तेल घालू नये. क्लच घसरू लागतो. व्हॉल्व्हचे अंतर आणि ठिणगीची वेळ सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्यावी. ब्रेक चाकाला घासत नाही ना, साखळी फार ताठ नाही ना, हेही पाहावे. कारण इंजिनावरचे प्रत्येक फुकटचे ओझे शेवटी उष्णताच होते. इंजिनासमोर पिशवी, फळी, पडदा काही बांधू नये. आणि गाडी टकटक करू लागली, तिची ताकद कमी झाली किंवा जळका वास आला, तर सावलीत उभी करून वीस-पंचवीस मिनिटे स्वस्थ बसावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. धातूला तडा जातो.

हे शेवटचे वाक्य चाचा उच्चारत होते, तेव्हा मी चिरंजीवांकडे पाहायचे टाळले.

सिलिंडरला बोअर मारून घेतला, नवा पिस्टन बसवला. घरातले वातावरण मात्र काही केल्या दुरुस्त होत नव्हते. तो माझ्याशी बोलत असे. पण ‘हो’, ‘नाही’ आणि ‘चालेल’ या तीन शब्दांत. आपल्या भाषेत तापाचे शब्द किती आहेत हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. ताप, परिताप, मनस्ताप, संताप, आणि सर्वांत शेवटी पश्चात्ताप. मुलांना हसू यावे म्हणून मी पुढे म्हणत असे, की यातला शेवटचा नेहमी उशिरा येतो. या वर्षी जूनमध्ये तो पाठ शिकवताना ते वाक्य मी गाळले.

नवा पिस्टन बसवलेली गाडी पहिले हजारएक किलोमीटर जपून चालवावी लागते. एका संध्याकाळी मी किल्ली चिरंजीवांपुढे ठेवली आणि म्हणालो, “हे हजार किलोमीटर तू चालव. माझ्या हातून ती पुन्हा तापेल.” परवाना त्याला नुकताच मिळाला होता. तो किल्लीकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “तुम्ही मागे बसणार?”

मी मागे बसलो. गेली चार महिने मी आठवड्यातून दोनदा मागे बसतो आहे, आणि सांगायला हरकत नाही, मुलगा माझ्यापेक्षा चांगली चालवतो. अंतर ठेवतो, चौकात आकडे पाहून इंजिन बंद करतो, हिरवा होण्याआधी दोन आकडे राहिले की एकाच किकमध्ये सुरू करतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात. तो वाजवू देतो.

ऑगस्टमध्ये एकदा पुन्हा फातिमानगरपाशीच अडकलो. तीच जागा, तशीच रांग. ऊन मात्र नव्हते, पावसाची भुरभुर होती. त्याने इंजिन बंद केले. एवढ्या गोंगाटात आमच्याभोवती थोडी शांतता झाली. मी घसा साफ करून म्हणालो, “त्या दिवशी मी इथे जे बोललो, ते मी बोलायला नको होतं. चूक माझी होती.”

तो पुढे पाहत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “हेल्मेटमध्ये नीट ऐकू येत नाही, बाबा.” आणि मग, रांग हलायच्या आधी, “पाय जरा वर घ्या. सायलेन्सर तापलाय.”

त्याला ऐकू आले की नाही, हे मी आजवर विचारलेले नाही.

परीक्षेचा निकाल बरा लागला. हवी ती शाखा नाही, पण जवळची मिळाली. मामांना मी सारे खरे सांगितले. ते म्हणाले, “गाडी तापली त्याचं काही नाही रे. १९९५ साली माझ्याही हातून तापली होती. तुझ्या मामीला विचार.” मामींनी तो विषय काढू दिला नाही, त्यावरून त्या दिवशी मागे कोण बसले होते हे मी ओळखले.

आणि तो रेक्झिनचा पडदा? तो टाकून द्यायला सौ.चे मन होईना. शिवण अजून मजबूत आहे. यंदा आमच्या सोसायटीच्या मुलांनी जिन्याखाली राजगड केला आहे. फरशी खराब होऊ नये म्हणून त्याच्याखाली तो पडदा अंथरला आहे. त्याच्यावर माती आहे, हळीव पेरले आहेत, आणि बालेकिल्ल्यावर महाराज बसले आहेत. पडद्याला शेवटी त्याची योग्य जागा सापडली.

वाचकहो, सणासुदीच्या या दिवसांत बाजारात गर्दी उसळेल, रस्ते तुंबतील. आपण अडकाल तेव्हा इंजिन बंद करा, आणि मागे बसलेल्या माणसाशी चार शब्द बरे बोला. ही दिवाळी आपणां सर्वांना सुखाची जावो.